दोन बोटं

बटण दाबलं की आधी तारीख विचारतो तो.
काळ्या पडद्यावर कायम एक जानेवारी, दोन हजार तेरा.
मी त्याला वार सांगतो, महिना सांगतो,
घरातल्या म्हाताऱ्याला सांगावं तसं, न चिडता.
मग पंखे खाकरतात
आणि घणसोलीच्या सिम्प्लेक्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
माझी संध्याकाळ सुरू होते.

बाबा म्हणाले, बैल म्हातारा झालाय
आन् तू शिंगं रंगवतूयास.
तुर्भ्याच्या मार्केटात तीस वर्षं गोणी उचललेला माणूस,
जुन्या मालाची त्यांना पारख आहे.
मी म्हटलं, नवा बैल साठ हजाराला.
यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

बजेट साडेनऊ हजार.
त्यातले दोन आईच्या भिशीचे.
कशासाठी, ते तिला सांगितलेलं नाही,
तिनं विचारलेलंही नाही, म्हणजे तिला कळलेलं आहे.
रॅम आठाची सोळा. एक एसएसडी, बिस्किटाएवढी.
उरलेल्यात एक ग्राफिक कार्ड, वापरलेलं,
नेरूळच्या टॉवरमधल्या शार्दूल नावाच्या मुलाकडून.
त्याच्या खोलीत एसी, आणि नव्या कार्डाचा रिकामा खोका.
माइनिंगला नाही वापरलं, दादा, देवाशपथ.
देवाशपथ सगळेच म्हणतात.
मी पंखे फुंकून पाहिले, सोनेरी पट्टी नखानं चाचपली,
पाचशे कमी करून घेतले.
घासाघीस त्याला येतच नव्हती,
त्यामुळे थोडं वाईट वाटलं. थोडंच.
परत येताना एनएमएमटीत ते मांडीवर,
डब्याच्या पिशवीत, वर रुमाल.

रात्री मी महापेला असतो, डेटा सेंटरात.
तिथल्या एका कपाटाच्या किमतीत आमचा मजला येईल.
आतली कार्डं चोवीस तास कसला तरी विचार करतात,
त्यांना गार वाटावं म्हणून मी स्वेटर घालतो.
बिघडलेली डिस्क हातमोज्यांनी काढायची,
नवी सरकवायची, सही करायची.
शिव्या घालायला वाव नाही.

घरी मात्र दात घासायचा जुना ब्रश.
झाकण काढलं. आत दहा वर्षांची घणसोली:
ठाणे-बेलापूर रोडची काळी पूड, आईच्या उदबत्तीची राख,
पालीचं वाळलेलं पिल्लू,
आणि जिच्यावरून बहिणीशी आठवडाभर अबोला धरला होता
ती गुलाबी क्लिप.
प्रोसेसरवरची पेस्ट खडू झालेली. पुसली,
नवी लावली वाटाण्याएवढी.
कार्ड सरकवलं.

बसेना.
हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला टेकून अडलं,
दोन बोटं बाहेर.
स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात तो हाच असावा,
फक्त इथे माज नव्हता, घाम होता.

मग रबाळ्याला, जयवंत मढवीच्या ग्रिलच्या गाळ्यात,
कॅबिनेट खांद्यावर, बाबा गोणी घ्यायचे तसं.
कवरा कापू?
दोन बोटं.
तुजी का माजी?
मी त्याची बोटं पाहिली. माझी, म्हटलं.
ग्राइंडर, ठिणग्या, एक रिव्हेट टणकन उडालं.
पैसे विचारले तर म्हणाला, च्या पाज,
आन् चालू झाला का सांग.

सुट्टीच्या रात्री चालू केला.
जळका वास आला, गेला.
सहा वर्षं खेळतोय तोच गेम, डोंगराखालचं तेच कुरण.
आजवर ते सतरंजीसारखं सपाट,
मी धावलो की तुकड्यातुकड्यानं मागून यायचं.
पाणी प्यायला उठलेले बाबा दारात थांबले.
गवात हललं की रं, म्हणाले.
मी घोडा पुढे काढला
तर तांब्या धरून म्हणाले, थांब जरा तितंच.
थांबलो.
बराच वेळ आम्ही दोघं काहीच खेळत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं.
एक जानेवारी, दोन हजार तेरा.
तीस रुपयांचा सेल आणायचा राहिलाच होता.
मी वार सांगितला, महिना सांगितला.